सहा खडे खिशात

बँकेत नोकरी करत होतो तेव्हा एप्रिल महिना आला, की आम्हा अधिकाऱ्यांच्या पोटात गोळा यायचा. ३१ मार्च पार पडलेला असायचा, ताळेबंद जुळलेला असायचा, रात्री जागून काढलेल्या बेरजा बरोबर आलेल्या असायच्या. पण साहेबांनी आपला गोपनीय अहवाल कसा लिहिला असेल, ही धाकधूक काही केल्या जात नसे. बढती मिळणार की नाही, बदली घराजवळच्या शाखेत होणार की दोन एसट्या बदलून जाव्या लागणाऱ्या गावी, सगळं त्या बंद लखोट्यात असायचं.

तरीही त्या पद्धतीत एक शहाणपण होतं. शाखेची तपासणी करायला जो अधिकारी यायचा, त्याचा गोपनीय अहवाल त्या शाखेचा मॅनेजर लिहीत नसे. समजा, लिहीत असता तर? ज्याच्या चुका शोधायच्या, त्याच्याच हातात आपली बढती, असा प्रकार असता तर किती मॅनेजरांच्या चुका कागदावर आल्या असत्या, याचा विचार वाचकांनीच करावा.

क्रिकेटच्या पंचांना मात्र कित्येक वर्षं याच कोंडीत उभं राहावं लागलं. सकाळी ज्या कर्णधाराला बाद द्यायचं, तोच कर्णधार सामना संपल्यावर पंचाबद्दल शेरा लिहिणार. या कोंडीत एका हाताचा एक तरुण तेहतीस वर्षांहून अधिक काळ उभा राहिला आणि आपल्या काळातला सर्वांत मोठा पंच म्हणून जगानं त्याला मानलं. त्याचं नाव फ्रँक चेस्टर. जुन्या क्रिकेटवेड्यांना ते नाव तोंडपाठ असायचं. नव्यांसाठी त्याची कहाणी पुन्हा सांगावी, असं फार दिवस मनात होतं.

चेस्टरचा जन्म २० जानेवारी १८९५ रोजी लंडनच्या वायव्येला असलेल्या हर्टफर्डशर परगण्यातल्या बुशी या गावी झाला. पंच होण्याची स्वप्नं कुणी लहानपणी पाहत नाही, चेस्टरनंही पाहिली नव्हती. त्याला खेळायचं होतं आणि तो खेळलाही. वयाच्या सतराव्या वर्षी, १९१२ साली, तो वूस्टरशर कौंटीच्या संघात आला. डावखुरी फलंदाजी, फिरकी गोलंदाजी आणि अंगात विलक्षण समज. पुढच्याच मोसमात, १९१३ मध्ये, त्यानं ७०३ धावा काढल्या. त्यात तीन शतकं होती. शिवाय ४४ बळी. इंग्लंडमध्ये नियमितपणे खेळणाऱ्या व्यावसायिक खेळाडूंमध्ये तेव्हा त्याच्याएवढा लहान दुसरा कोणी नव्हता. क्रिकेटची पंजिका म्हणजे विस्डेन. एरवी कौतुकाच्या बाबतीत हात आखडता घेणाऱ्या त्या ग्रंथानंसुद्धा हा मुलगा अंगानं जरा भरला, की त्याच्याबद्दलच्या मोठ्यात मोठ्या आशा पूर्ण करेल, असं भाकीत करून ठेवलं.

१९१४ च्या उन्हाळ्यात त्यानं ९२४ धावा काढल्या. एसेक्सविरुद्ध नाबाद १७८ धावांची खेळी केली आणि तीत जॉनी डग्लस या नामांकित गोलंदाजाला चार षटकार ठोकले. हा डग्लस साधासुधा माणूस नव्हता. १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धाचं सुवर्णपदक मिळवलेला आणि इंग्लंडचं कर्णधारपद भूषवलेला हा गडी. त्याला एकोणीस वर्षांच्या पोरानं चार षटकार मारावेत, ही त्या काळी चर्चेची गोष्ट होती. वाचकांनी हे डग्लस नाव ध्यानात ठेवावं. ते पुन्हा येणार आहे.

त्याच उन्हाळ्यात महायुद्ध पेटलं. चेस्टर सैन्यात गेला. सलोनिकाच्या आघाडीवर तो जखमी झाला आणि उजवा हात कोपराच्या जरा खाली कापावा लागला. वय अवघं बावीस-तेवीस. ज्याच्याबद्दल भाकितं लिहिली गेली होती, त्या खेळाडूचा खेळ तिथंच संपला.

अशा माणसानं काय करावं? आपल्याकडे अशा वेळी घरातली वडीलधारी माणसं कुठंतरी कारकुनी मिळवून देतात. चेस्टर मात्र मैदान सोडायला तयार नव्हता. खेळता येत नसेल तर निदान खेळाच्या मधोमध उभं राहता येईल, असा मार्ग त्यानं निवडला. १९२२ साली प्रथम श्रेणीच्या पंचांच्या यादीत त्याचं नाव आलं. वय सत्तावीस.

ही यादी काय प्रकरण होतं, ते इथं सांगितलं पाहिजे, कारण चेस्टरची सगळी परीक्षा त्या यादीपाशीच होती. पूर्वी इंग्लंडमध्ये प्रत्येक कौंटी आपापला पंच बरोबर घेऊन यायची. वऱ्हाडाबरोबर भटजी यावा तसा. साहजिकच ज्याची मीठभाकर खायची, त्याच्या बाजूनं बोट वर जायचं, किंवा वर जायचं राहायचं. तक्रारी वाढल्या तेव्हा १८८३ पासून लॉर्ड्सच्या एमसीसीनं तटस्थ पंच नेमायला सुरुवात केली. मोसमासाठी पंचांची एक यादी व्हायची आणि कुणी कोणत्या गावी, कोणत्या सामन्याला उभं राहायचं, ते वरून ठरायचं. पंचाचा पक्षपात थांबावा, हा हेतू चांगला होता.

पण यादीत राहायचं की नाही, हे कोण ठरवणार? तिथं कर्णधारांच्या शेऱ्यांना वजन होतं. सामना संपला की दोन्ही कर्णधार पंचांबद्दल लॉर्ड्सला कळवत. आणि हे कर्णधार म्हणजे कोण? तेव्हाच्या इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या दोन जाती होत्या. पैसे न घेता खेळणारे ते हौशी, म्हणजे सद्गृहस्थ. पोटासाठी खेळणारे ते व्यावसायिक. मैदानात उतरण्याची फाटकंसुद्धा पुष्कळ ठिकाणी वेगळी. कर्णधार जवळजवळ नेहमीच हौशी असे आणि पंच जवळजवळ नेहमीच निवृत्त व्यावसायिक. म्हणजे उभा जन्म ज्यांना साहेब म्हणण्यात गेला, त्याच साहेबांना आता बाद द्यायचं आणि वर त्यांच्याकडूनच चांगला शेरा मिळवायचा! नेमणूक वर्षापुरती. पुढच्या वर्षी यादीत नाव नसेल तर उन्हाळ्याची कमाई गेली. कर्णधाराचा पाय यष्टीसमोर दिसला तरी पुष्कळ म्हाताऱ्या पंचांची बोटं खिशात का राहत, हे आता वेगळं सांगायला नको.

अशा यादीत दाखल झालेला चेस्टर पहिल्या सामन्यासाठी घरून निघाला. निघण्यापूर्वी बुशीतल्या आईच्या बागेतून त्यानं सहा लहान खडे वेचून खिशात टाकले. षटकातले चेंडू मोजायला. पुढं आयुष्यभर त्यानं तेच खडे वापरले.

सामना लेटन इथं होता, एसेक्स विरुद्ध सॉमरसेट. एसेक्सचा कर्णधार होता तोच जॉनी डग्लस. सॉमरसेटचा कर्णधार जॉन डॅनियल, इंग्लंडच्या रग्बी संघाचं नेतृत्व केलेला भारदस्त गृहस्थ. दोघांच्याही शेऱ्याला लॉर्ड्समध्ये किंमत. आणि पहिल्याच सामन्यात या नवख्यानं डग्लसला पायचीत दिलं आणि डॅनियलला यष्टिचीत. एकाच सामन्यात दोन्ही कर्णधार!

त्या संध्याकाळी बरोबरच्या वयस्कर पंचानं त्याला समज दिली. हे असंच चालू ठेवलंस तर तू आपल्या हातानं आपल्या फाशीच्या हुकमावर सही करतो आहेस, अशा अर्थाचं तो बोलला. त्या म्हाताऱ्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. तो वाईट माणूस नव्हता. पोरगा नवा आहे, एक हात गेलेला आहे, निदान ही नोकरी तरी टिकावी, म्हणून कळवळ्यानंच सांगत असणार. आपल्या प्रत्येकाच्या कचेरीत असा एक कळवळ्याचा वडीलधारी असतो. तो आपल्याला जगायला शिकवतो आणि जगता जगता थोडं वाकायलाही.

इथं मला माझी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तालुक्याच्या शाखेची तपासणी करायला गेलो होतो. कर्जाच्या कागदपत्रांत एक गंभीर त्रुटी दिसली. पण त्या शाखेचे साहेब लवकरच आमच्या विभागात वरच्या जागी येणार, अशी कुजबुज होती. बरोबरच्या सीनियरनं चहा पिता पिता मला हलकेच तसं सुचवलं. मी आक्षेप लिहिला, नाही असं नाही. पण इतक्या मऊ शब्दांत लिहिला, की वाचणाऱ्याला तो आक्षेप आहे हेच कळू नये. माझी बढती वेळेवर झाली. या गोष्टीला आता कितीतरी वर्षं लोटली, पण चेस्टरचं चरित्र वाचताना लेटनच्या त्या संध्याकाळीपाशी मी दर वेळी अडखळतो.

चेस्टरनं तो सल्ला मानला नाही. त्याची गंमत अशी, की त्याला शिक्षाही झाली नाही. उलट दोनच वर्षांत, १९२४ साली, लॉर्ड्सवर दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीत तो पंच म्हणून उभा राहिला. तेव्हा तो तिशीच्याही अलीकडे होता. असं कसं घडलं? डग्लस आणि डॅनियल मोठ्या मनाचे निघाले असतील, हे एक उत्तर. मला दुसरंही एक दिसतं. खोटा निर्णय आपल्या फायद्याचा असला, तर कर्णधार त्या दिवशी खूश होतो. पण उद्या हाच पंच दुसऱ्याच्या भीतीनं आपल्यावरही खोटा निर्णय देईल, हे त्यालाही कळतं. ज्याचा निर्णय कुणाच्याही तोंडाकडे पाहून होत नाही, असा पंच शेवटी सगळ्यांनाच हवासा वाटतो. मात्र हे कळायला आधी तसा एखादा पंच मैदानात उभा राहिलेला दिसावा लागतो. चेस्टरनं ते करून दाखवलं.

बाकीचं काम डोळ्यांनी आणि शिस्तीनं केलं. गोलंदाजाच्या टोकाला यष्टींवर खाली वाकून चेंडूची रेषा न्याहाळायची सवय त्याची. ती ढब त्याच्यापासूनच रुजली, असं मानलं जातं. तरुण वय आणि तीक्ष्ण नजर ही त्याची भांडवलं होती. थकलेल्या गुडघ्यांचे आणि मंदावलेल्या डोळ्यांचे निवृत्त खेळाडू पंच होत, त्या काळात तरुणपणीच पंचगिरी हाच व्यवसाय मानणारा हा माणूस वेगळा उठून दिसला.

आपलाही त्याच्याशी एक धागा आहे. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारत आपली पहिली अधिकृत कसोटी खेळायला उतरला, तेव्हा मैदानातल्या दोन पंचांपैकी एक फ्रँक चेस्टर होता. नागपूरला जन्मलेले सी. के. नायडू कर्णधार होते आणि सलामीला जाणारे जनार्दन नवले आपल्या महाराष्ट्रातले. इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली, त्यातले दोघे मोहम्मद निसारनं त्रिफळाचीत केले आणि फ्रँक वूली धावबाद झाला. आपण पारतंत्र्यात होतो आणि सामना राज्यकर्त्यांच्या घरच्या अंगणात होता. त्या अंगणात आपल्या खेळाडूंना मधोमध उभा मिळाला तो कर्णधारांची भीड न बाळगणारा हा माणूस.

त्याचा सर्वांत गाजलेला निर्णय १९३८ चा. ट्रेंट ब्रिजवर डॉन ब्रॅडमन ५१ धावांवर खेळत होता. सिनफील्डचा चेंडू वळला, बॅटच्या आतल्या कडेला निसटता लागला, पॅडवर आदळला आणि यष्टिरक्षक एम्सच्या हातात गेला. ब्रॅडमनचा तोल जरा गेला म्हणून एम्सनं बेल्सही उडवल्या. पाय, पॅड, बॅट यांचा नुसता गुंता! एम्सनं आधी स्क्वेअर लेगच्या पंचाकडे दाद मागितली. यष्टिचीत नाही, असं उत्तर आलं. मग त्यानं चेस्टरकडे पाहिलं. चेस्टरनं शांतपणे झेलबाद असल्याचं सांगितलं आणि पाठ फिरवली, जणू हे सगळ्यांनाच दिसलं होतं. बाद झालेल्या ब्रॅडमननंच पुढं ही हकिकत कौतुकानं लिहून ठेवली आणि आपण पाहिलेल्या पंचांत चेस्टर सर्वश्रेष्ठ, असा निर्वाळा दिला. ज्याला बाद दिलं, त्यानंच दिलेलं हे प्रशस्तिपत्र! गोपनीय अहवालाच्या पद्धतीत याहून मोठा शेरा मला तरी ठाऊक नाही.

गोष्ट इथंच संपवली असती तर ती शाळेच्या पुस्तकात शोभली असती. पण खरी माणसं पाठ्यपुस्तकात मावत नाहीत.

१९५१ साली दक्षिण आफ्रिकेचा संघ इंग्लंडला आला. त्यांच्यात कुआन मॅकार्थी नावाचा वेगवान गोलंदाज होता. तो चेंडू टाकत नाही, फेकतो, असं चेस्टरच्या अनुभवी नजरेला वाटत होतं. नियम स्पष्ट होता. खात्री असेल तर पंचानं नोबॉल द्यायचा. पण पाहुण्या देशाच्या गोलंदाजाला कसोटीत फेकीसाठी नोबॉल देणं म्हणजे दोन देशांच्या संबंधांना हात घालण्यासारखं होतं. चेस्टरनं लॉर्ड्सच्या वजनदार मंडळींकडे चाचपणी केली. मी नोबॉल दिला तर तुम्ही माझ्या पाठीशी उभे राहाल का? पाठिंब्याची अपेक्षा ठेवू नये, असं त्याला समजलं. आणि चेस्टर गप्प राहिला.

लेटनच्या मैदानावर ज्यानं कुणाला विचारलं नव्हतं, त्यानं एकोणतीस वर्षांनी, कीर्तीच्या शिखरावर असताना विचारलं. पुढच्या वर्षी मॅकार्थी केंब्रिज विद्यापीठाकडून खेळत असताना वूस्टरच्या मैदानात पॅडी कॉरल नावाच्या पंचानं त्याला फेकीसाठी नोबॉल दिला. चेस्टरच्या तुलनेत कॉरलचं नाव कितीतरी लहान. जिथं चेस्टरनं पोरवयात शतकं काढली होती, त्याच वूस्टरच्या मैदानात हे घडावं, हा योगायोगच म्हणायचा.

मला यात चेस्टरचा अधःपात दिसत नाही. उलट एक जुनीच गोष्ट नव्यानं कळते. तरुणपणी गमावण्यासारखं फारसं नसतं, तेव्हा बोट चटकन वर जातं. नाव झालं, मान मिळाला, की तो मानच आपल्याला वेसण घालतो. शिवाय दोष एकट्या चेस्टरचा नव्हता. नेमणूक ज्यांच्या हातात, त्यांनी आधीच पाठ फिरवली तर पंचाच्या धैर्याला मर्यादा पडणारच. प्रामाणिक माणूस नेमला म्हणजे व्यवस्थेचं काम संपत नाही. त्यानं प्रामाणिकपणा केल्यावर त्याच्या पाठीशी उभं राहणं, हा कामाचा उरलेला अर्धा भाग असतो.

अखेरची वर्षं त्याला कठीण गेली. प्रकृती कुरकुरू लागली, स्वभाव तिखट झाला. ऑस्ट्रेलियन खेळाडूंची आरडाओरड करून दाद मागण्याची तऱ्हा त्याला खपत नसे आणि तो ते लपवतही नसे. १९५३ च्या मालिकेत लीड्स इथं रेग सिम्पसनच्या धावबादच्या अपिलावर त्यानं दिलेला नकार ऑस्ट्रेलियनांना मुळीच पटला नाही. त्यानंतरच्या ओव्हलच्या निर्णायक कसोटीत चेस्टर पंच नव्हता. तटस्थपणासाठी नावाजलेल्या माणसाच्या मनातही राग साठू शकतो, हे त्याच्या चाहत्यांनाही मान्य करावं लागलं. १९५५ मध्ये तो निवृत्त झाला. पुढच्या वर्षी आत्मचरित्र निघालं आणि ८ एप्रिल १९५७ रोजी, ज्या बुशीतून खडे वेचून निघाला होता, तिथंच त्याचं निधन झालं. त्याच्या नावावर ४८ कसोटी सामने होते. हा विक्रम मोडायला १९९२ साल आणि डिकी बर्ड उजाडावे लागले.

त्याच्यानंतर व्यवस्था हळूहळू शहाणी होत गेली. १९८६ साली पाकिस्तानात वेस्ट इंडीजविरुद्धच्या लाहोर कसोटीत आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे दोन भारतीय तटस्थ पंच म्हणून उभे राहिले. दोन्ही संघांचे नाहीत, असे पंच. १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक तटस्थ पंच आला आणि २००२ पासून दोन्ही तटस्थ पंचांची पद्धत सुरू झाली. सामनाधिकारी आले, कॅमेरे आले, २००८ पासून निर्णयाची फेरतपासणी मागण्याची सोय आली. आता पंचाची चूक सगळ्या जगाला दिसते, तसं त्याचं बरोबर असणंही दिसतं. चेस्टरला हे भाग्य लाभलं नाही. त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला फक्त तोच होता.

पण कॅमेरे सगळीकडे नसतात. मुंबईत हॅरिस आणि गाइल्स ढालीचे शालेय सामने होतात, पावसाळ्यात कांगा लीग होते, जिल्ह्याजिल्ह्यांत निमंत्रितांच्या स्पर्धा होतात. तिथं पांढरा कोट नाहीतर टोपी घालून उभा असलेला माणूस आठवडाभर कुठंतरी नोकरी करत असतो. कोणी रेल्वेत, कोणी शाळेत, कोणी माझ्यासारखा बँकेत. संघटनेची लेखी आणि तोंडी परीक्षा देऊन तो पंच झालेला असतो. शाळेच्या सामन्यांपासून वरच्या सामन्यांपर्यंत, मग बोर्डाच्या परीक्षेपर्यंत आणि रणजी सामन्यापर्यंत, अशी शिडी त्याच्यासमोर असते. तिच्या प्रत्येक पायरीवर कुणाचा तरी शेरा लागतो. पुढच्या रविवारी आपल्याला कोणता सामना मिळणार, मिळणार की नाही, हे कुणीतरी दुसराच ठरवत असतो. आणि समोर पायचीत होणारा फलंदाज कधी कधी त्या दुसऱ्याच्या ओळखीतला असतो.

आपली मुलं, नातवंडं मैदानात खेळतात. बाद दिलं, की घरी येऊन पंचाच्या नावानं बोटं मोडतात आणि आपणही त्यांची समजूत काढायला पंचालाच दोष देऊन मोकळे होतो. पुढच्या वेळी एवढं करावं. सामना पाहायला गेलात, तर षटक संपल्यावर त्या पंचाच्या हाताकडे पाहा. बहुतेक मोजणीचं छोटं यंत्र असेल, क्वचित खडेही असतील. आणि त्यानं एखाद्या मोठ्या नावाला बाद दिलं असेल, तर सामन्यानंतर त्याच्याजवळ जाऊन दोन शब्द बोला. लेटनच्या त्या संध्याकाळी एखाद्यानं चेस्टरला तसं काही म्हटलं होतं का, हे कुठं लिहिलेलं नाही. मला मात्र त्या तालुक्याच्या गावी चहा पिताना कोणीतरी म्हणायला हवं होतं, असं अजूनही वाटतं.